कडेचा ताण

ऐका हो ऐका! हिंगोली जिल्ह्यातल्या समस्त स्त्री-पुरुषांना, लेकराबाळांना, त्याचप्रमाणे जिल्ह्याच्या हद्दीत उभ्या असलेल्या सर्व लोखंडी वस्तूंना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या कारखान्याच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, चहाची दुसरी फेरी येण्याआधी, एकाविरुद्ध चार मतांनी ठराव पास झाला आहे: हळद शिजवायच्या कुकरच्या कडेला जो ताण येतो, तो दुय्यम आहे. लोखंडाने याची नोंद घ्यावी आणि यापुढे त्याप्रमाणे वागावे.

ते एक मत माझं होतं.

टेबलाभोवती आम्ही पाच जण. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांचा पुतण्या, जो मॅनेजर आहे. खरेदी बघणारे काका. औंढ्याच्या रस्त्यावर हळदीचं युनिट टाकणारं गिऱ्हाईक. आणि मी. माझ्यासमोर एक्केचाळीस पानांचा रिपोर्ट. तीन आठवडे खपून केलेला. भाऊंनी तो उघडला नाही. त्याच्यावर चहाचा कप ठेवला आणि म्हणाले:

"मॅडम, तुमच्या लोकांना जिथं तिथं अन्यायच दिसते. आता लोखंडावर बी अन्याय होऊन राहिला काय?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. पुतण्यानं त्यांच्या पाठीवर थोपटलं. गिऱ्हाइकाला 'तुमच्या लोकांना'चा अर्थ लागायला दोन सेकंद लागले, मग त्यानं माझ्याकडं एकदा वरून खालपर्यंत पाहिलं आणि तोही हसला.

आणि मी?

मीही हसले. मोठ्यानं. सगळ्यांत उशिरा थांबले.

हे मी लपवणार नाही. ही गोष्ट सांगायला बसले ते त्यासाठीच.

आता माझं काम काय ते सांगते. घाबरू नका, आकडे थोडेच आहेत. मी डिझाइन इंजिनियर. वय अठ्ठेचाळीस. गाव जवळा बाजारजवळ, घर गावाच्या शेवटी, बौद्धवाड्यात. नांदेडला शिकले, पुण्यात सतरा वर्षं कॉम्प्युटरवर दाबाची भांडी फुगवून पाहिली, मग आईनं अंथरूण धरलं म्हणून हिंगोलीला परत आले. आमच्या कारखान्यात हळद शिजवायचे कुकर होतात. घरातल्या कुकरचा आजोबा समजा. चार फूट रुंद, पुरुषभर उंच, पोटात तीन किलोच्या दाबाची वाफ.

वाफ भरली की लोखंडाच्या अंगात ताण येतो. कॉम्प्युटर तो रंगात दाखवतो. निळा म्हणजे निवांत. लाल म्हणजे जीव मुठीत. पण रंग पाहून भागत नाही. प्रत्येक ताणाला धरून विचारावं लागतं, बाबा रे, तू कोण? मुख्य की दुय्यम?

मुख्य ताण म्हणजे डोक्यावरचा हंडा. बाई वाकली, थकली, तिचे पाय लटपटले, तरी हंड्याचं वजन कमी होत नाही. ती पडेपर्यंत तेवढंच. म्हणून मुख्य ताणाला सूट कमी.

दुय्यम ताण म्हणजे एसटीच्या एका बाकावर बसलेल्या तीन बाया. पहिली पाच मिनिटं कोपर टोचतं, मांडी दबते. मग ही जरा सरकते, ती जरा सरकते, आणि बसतं सगळं. लोखंडही असं जरा सरकतं आणि ताण आपोआप ओसरतो. म्हणून दुय्यम ताणाला जवळपास दुप्पट सूट.

ताण तोच. नुसतं त्याचं नाव बदललं की नापास भांडं पास होतं. कळली गंमत?

आमच्या कुकरला वरून सपाट प्लेट असते. कडेनं वेल्ड केलेली, कायमची. हळद बाजूच्या दारातून आत टाकायची. खरं तर वर घुमटासारखं डोकं पाहिजे. वाफेला घुमट आवडतो. पण आमच्याकडच्या गिऱ्हाइकाला सपाटच लागतं. का? पोती ठेवायला. ओलं बारदान तिथं दहा मिनिटांत वाळतं. बाया वर चढून पोती पसरतात, थंडीच्या सकाळी तिथंच बसून भाकर खातात. वाफेच्या भांड्याचा ओटा करणारा आमचा एकच जिल्हा असावा. मला अभिमान आहे.

आता त्या प्लेटवर खालून येणारा जोर किती? चौतीस टन. हळदीनं भरलेले दोन ट्रक खालून वर ढकलताहेत म्हणा. प्लेट मधे फुगायला बघते, कड तिला धरून ठेवते. लाल रंग कुठं? कडेला. गोल, चक्क बांगडीसारखा.

कोडबुकात, म्हणजे दाबाच्या भांड्यांच्या नियमांच्या पुस्तकात, एक तक्ता आहे. त्यात लिहिलंय, अशा जोडाच्या कडेचा वाकण्याचा ताण दुय्यम धरा. पुतण्यानं तक्ता वाचला होता. तक्त्याखाली मुंगीच्या अक्षरात एक टीप आहे. तिचा मतलब असा: प्लेटचा मधला भाग कडेच्या आधारावाचून तगत नसेल, तर कडेचा ताण मुख्य धरा. पुतण्यानं टीप वाचली नव्हती.

मी हिशेब केला. सोळा मिलिमीटरच्या प्लेटमध्ये मधला भाग कसाबसा पास होत होता, तोही कडेनं घट्ट धरलं म्हणून. कड ढिली पडली असं धरलं, की मध्य सपशेल नापास. म्हणजे इथं सरकून घ्यायला जागाच नाही. हा बाक नाही, हंडा आहे. सोळा पुरत नाही. बावीस पाहिजे.

"टेबलमध्ये क्लिअर दुय्यम लिहिलंय मॅडम," पुतण्या म्हणाला होता.

"खालची टीप वाचा."

"टीप कोण वाचतं?"

"अन् वरून पोत्यांचं वजन असतेच की दाबून धराया," गिऱ्हाईक म्हणालं.

"दहा पोती. अर्धा टन. खालून चौतीस."

"मंग वीस पोती ठेवू!"

यावर मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात भाऊंनी ते अन्यायाचं वाक्य टाकलं. हसणं ओसरल्यावर त्यांनी कप उचलला. रिपोर्टवर गोल डाग पडला होता.

"प्लेट कापून झाली हाय सोळाची. तुमी फकत कडेपुढं दुय्यम लिहा आन् सही करा. सहीसाठीच ठेवलं ना तुमाला?"

मी "बघते भाऊ" म्हणाले आणि उठले. बघते भाऊ! सव्वीस वर्षांची नोकरी आणि तोंडातून निघालं काय, तर बघते भाऊ.

हे हसणं मी कुठं शिकले ते मला पक्कं माहीत आहे. चौथीत. शाळा तपासायला साहेब येणार होते. गुरुजींनी आम्हाला, म्हणजे मला आणि केवळाला, शेवटच्या ओळीत भिंतीला टेकवून बसवलं. केवळा आमच्याच वाड्यातली. गुरुजी मला म्हणाले, "गणित तू कर. पाटी पुढं सरकव. उभं ऱ्हायचं काम न्हाई." साहेबांनी गणित घातलं. मी सोडवलं. पाटी हातोहात पुढं गेली. पहिल्या ओळीतली एक गोरीपान मुलगी उभी राहिली आणि माझ्या अक्षरातलं उत्तर वाचलं. साहेब म्हणाले, शाबास. मधल्या सुट्टीत मी साहेबांची नक्कल केली. ढेरी पुढं, चष्मा खाली, शाबास! सगळी शाळा लोळली. गुरुजीही हसले. मला वाटलं, जिंकले.

केवळा हसली नव्हती. ती म्हणाली, "पाटी तुझी व्हती ना? मंग काहून हसून राहिली?" पुढच्या वर्षी तिची शाळा सुटली. माझी सुरू राहिली, आणि हसणंही.

पुण्यात माझ्या रिपोर्टवर दुसऱ्याचं नाव लागलं, मी विनोद केला. जेवणाच्या टेबलावर "आडनाव सांगा ना पूर्ण" झालं, मी विनोद केला. प्रमोशन मिळालं तेव्हा "बरोबर आहे, तुमचं तर होणारच" झालं, मी त्याहून मोठा विनोद केला. मी फार लाडकी होते हो ऑफिसात. सगळे म्हणायचे, मॅडम आल्या की मजा येते.

त्या दिवशी केबिनमधून येऊन मी माझ्या खुर्चीत बसले. स्क्रीनवर तीच प्लेट. मधे निळसर, शांत, ऐटीत. कडेला लाल बांगडी.  मध्य शांत होता तो स्वतःच्या गुणानं नाही. कड सोसत होती म्हणून. आणि तक्ता वाचणारे म्हणत होते, कडेचं काय, ते दुय्यम, सरकून घेईल ते.

मला यावरून दृष्टांत द्यायचा नाही. माझं घर गावाच्या कोणत्या बाजूला आहे ते वर लिहिलं आहे. तेवढं पुरे.

मग मला आठवलं, त्या युनिटवर कोण कामाला जाणार. केवळा. औंढ्याच्या रस्त्यावरच्या हळदीच्या कामावर आमच्या वाड्यातल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या बायांची टोळी जाते. केवळा त्यांची मुकादमीण. त्याच सपाट प्लेटवर बसून ती भाकर खाणार होती.

मी हसले होते ते कशाला हसले होते, हे तेव्हा कळलं.  मी कॉम्प्युटर बंद केला आणि एक्केचाळीस पानं पिशवीत घातली.

चार दिवसांनी पाण्याची टेस्ट होती. कुकर तयार झाला की त्यात पाणी भरून जास्त दाबानं तपासतात. आमच्या कारखान्याची एक रीत आहे. नारळ मालक फोडतात, आणि हातपंपाचा पहिला दांडा ज्यानं हिशेब केला तो मारतो. नारळाशी माझा संबंध नाही, पण दांडा नऊ वर्षं मीच मारत आले. वेल्डर लोक टाळ्या वाजवायचे.

त्या दिवशी मी दांड्याला हात घातला, तर पुतण्या मधे आला.

"आधी सही, मॅडम."

त्यानं नवा रिपोर्ट आणला होता. नऊ पानांचा. माझे आकडे, माझी चित्रं. कडेपुढं लिहिलेलं: दुय्यम. टिपेचं पान गायब. भाऊ, काका, गिऱ्हाईक, वेल्डर, फिटर, सगळे गोल उभे. भाऊंनी स्वतःचा पेन पुढं केला आणि खास त्यांच्या गोड आवाजात म्हणाले, "करा मॅडम. लोकं खोळंबले. का आता इथं बी मोर्चा काढता?"

पुन्हा हसू फुटलं. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आता मॅडम काहीतरी भारी बोलणार. मलाही आठवत होते ना, चांगले तीन विनोद तयार होते जिभेवर. एक तर इतका चांगला होता की अजून हळहळ वाटते.

मी पेन घेतला नाही. वेल्डरच्या खिशातून पांढरा मार्कर काढला, लोखंडावर खुणा करायचा. शिडी लावलेली होतीच. साडी खोचली आणि चढले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, गुडघे कुरकुरत, साऱ्या कारखान्यासमोर. आणि प्लेटवर हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं:

सोळा पुरत नाही. बावीस पाहिजे. कडेचा ताण मुख्य आहे. मी सही केलेली नाही.

खाली माझं पूर्ण नाव. आडनावासकट.

कोणी हसलं नाही. एक फिटर, तांड्यावरचा, खालून म्हणाला, "मॅडम, उतरा जपून." बस. एवढीच क्रांती झाली.

भाऊ शांतपणे म्हणाले, "उतरल्या की घरी जा. उद्यापासून तकलीफ घेऊ नका."

इथं कोणाला टाळ्या वाजवाव्या वाटत असतील तर हात खाली घ्या. पुढचं ऐका. माझ्या अक्षरांवर त्याच दुपारी रंगाचे दोन हात बसले. छान पिवळा रंग, हळदीला शोभेल असा. कुठल्यातरी शहरातल्या एका इंजिनियरनं, ज्यानं ती प्लेट कधी पाहिली नाही, ईमेलवरून सही पाठवली. पाण्याची टेस्ट पास झाली. होणारच होती. एका दिवसाच्या पाण्यानं काय कळतं? वाफ रोज बारा वेळा चढणार, बारा वेळा उतरणार. हंगामभर. कड रोज बारा वेळा वाकणार. तडा आत, वेल्डच्या मुळाशी, केसाएवढा सुरू होतो. बाहेरून पिवळा रंग.

आणि खरं सांगायचं तर ते उद्या फुटेल असं मी कधीच म्हटलं नाही. आम्ही फक्त सुरक्षिततेसाठी राखलेली जागा खाल्ली होती. ते दोन वर्षांनी फुटेल. दहा वर्षांनी फुटेल. कदाचित फुटणारच नाही. रोज सकाळी तो कुकर सुखरूप सुरू होतो आणि रोज मला खोटं ठरवतो. सुखरूप राहो, हेच मागते मी. आणि तो सुखरूप राहतो म्हणून माझं कोणी ऐकत नाही.

हंगाम सुरू झाल्यावर मी युनिटवर गेले. बाया प्लेटवरच बसल्या होत्या. पाय खाली सोडून.

"आली गं आमची साहेबीण!" केवळा ओरडली.

"केवळा, खाली उतर. वर बसत जाऊ नको."

"मंग कुठं बसू? आभाळात?"

मी सगळं सांगितलं. हंडा, बाक, कड, सोळा, बावीस. माझ्या आयुष्यात इतक्या चांगल्या श्रोत्या मला मिळाल्या नाहीत. नांदेडच्या प्राध्यापकांना जे समजवायला एक सत्र लागलं होतं ते ह्यांना भाकर संपायच्या आत कळलं. गयाबाई म्हणून एक म्हातारी होती, तांड्यावरची. ती म्हणाली, "फुटंल म्हणता बाई. कवा?"

"सांगता येत न्हाई मावशी. फुटंल बी, न्हाई बी."

"मंग आमचा पाऊस सांगणाराच बरा. तो तारीख तरी देते!"

सगळ्या हसल्या. मीही. ह्या हसण्याची मला लाज वाटली नाही.

मग केवळा गंभीर झाली. "आमी आज काम सोडलं तं उद्या दुसऱ्या येतील. त्याह्यला कोण सांगल? अन् सोडून करू काय?"

मी पिशवीतून रिपोर्ट काढला. 

"आमी खालीच बसू," ती म्हणाली. "पर दाराशी तं उभं ऱ्हावंच लागते. हळद काय आपल्या पायानं आत जाते?" मग तिनं माझ्या हातातला जुना रिपोर्ट घेतला. चहाचा गोल डाग असलेला. पानं उलटली. तिला अक्षरं लागतात, चौथीपर्यंतची. "एवढं मोठं बाड लिहिलं तू. ह्याच्यात आमी हाओत का?"

एक्केचाळीस पानं. प्लेटची जाडी होती. वेल्डची मापं होती. लोखंडाचा दर्जा, वाफेचा दाब, बारा वेळांचा हिशेब. त्या प्लेटपासून हातभर अंतरावर कोण उभं राहतं, ते कुठंच नव्हतं. मीही त्यांना हिशेबात धरलं नव्हतं. मी, कडेला राहिलेली. हे कोणावर ढकलू?

"लिही," केवळा म्हणाली. "माझं लिही पहिलं. दारापाशी, एक हात."

मी तिथंच पोत्यावर बसून लिहिलं. केवळा, दारापाशी, एक हात. गयाबाई, पायरीवर, दोन हात. सुमन, दारापाशी, उजवीकडं. अशी सात नावं झाली. दोघींनी मान हलवली. "आमचं नको बाई, काढून टाकतील." त्यांच्यासाठी लिहिलं: दोन बाया, कुकरच्या माथ्यावर पोती पसरतात, नाव दिलं नाही.

तो कागद आता माझ्या अर्जाला जोडलेला असतो. दर सोमवारी मी जिल्ह्याच्या एका कचेरीत जाते. अर्ज देते, पोच घेते, शिक्का नीट उमटला का ते उजेडात धरून पाहते. नोकरी गेली आहे, वेळ भरपूर आहे. मला माहीत आहे, या अर्जानं प्लेट सोळाची बावीस होणार नाही. हिंगोलीत मला आता कोणी कामावर ठेवणार नाही, तेही माहीत आहे. पण ज्या दिवशी ती कड उघडेल, त्या दिवशी या जिल्ह्यात कोणालाही 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणता येणार नाही. तेवढी एक वाट मी बंद करून टाकणार. दर सोमवारी, पोच घेऊन, मी मरेपर्यंत किंवा ती प्लेट निघेपर्यंत. आणि तिथं कोणी माझ्यावर, माझ्या लोकांवर, माझ्या आडनावावर विनोद केला, तर मी हसणार नाही. त्याच्या तोंडाकडं पाहत उभी राहणार. हसू त्याच्या तोंडावर वाळेपर्यंत.

गेल्या सोमवारी खिडकीतले कारकून नवीन होते. भले गृहस्थ. त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला; असा वाचणारे ते पहिलेच. यादीवर बोट फिरवत खाली आले. केवळा, गयाबाई, सुमन. पुन्हा वर गेले. चष्मा काढला. आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं, अगदी मनापासून, बोलून गेले:

"पण मॅडम, ह्याच्यातली अजून एक बी मेली न्हाई की!"